शोभेचा पँटोग्राफ

मेन रोडवरच्या खेळण्यांच्या दुकानात मी पहिल्यांदा आगगाडी मागितली, तेव्हा दुकानदारांनी वाकून माझ्या मागे बघितलं. सोबत लहान मूल असेल असं त्यांना वाटलं असावं.

"इलेक्ट्रिक गाडी आहे का?"

"सगळ्या इलेक्ट्रिकच आहेत, ताई. सेल टाकले की चालतात."

त्यांनी काउंटरवर एक खोका उघडला. गोल रूळ, तीन डबे आणि काळं वाफेचं इंजिन. बटण दाबल्यावर धुरांड्यात लाल दिवा लागला आणि शिट्टी वाजली. वाफेचं इंजिन मी उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं.

"असलं नाही. वायरवर चालणारं पाहिजे. वर पँटो असतो तसलं."

"वर काय असतं?"

मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन कोपरात दुमडून दाखवले. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "तसलं आपल्याकडे येत नाही. पोरं तोडून टाकतात. कितवीत आहे मुलगा?"

"चौथीत," मी म्हणाले आणि बाहेर आले. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. इंजिन मला स्वतःलाच हवं होतं, आणि ते नाशिकमध्ये कोणाला सांगायची माझी तयारी नव्हती.

माझं घर इगतपुरीला. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, रेल्वेच्या तारेच्या गँगमध्ये आहेत. रुळांच्या वरून विजेची तार जाते, इंजिनावरचा पँटोग्राफ तिला खालून टेकतो आणि करंट घेतो. ती तार सांभाळायचं त्यांचं काम. पँटोग्राफला आमच्याकडे सगळे पँटोच म्हणतात. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. माझ्या आधीचे सगळे घोटीकडच्या भाताच्या खाचरात, नाहीतर रेल्वेत.

लहानपणापासून आम्हाला एक गोष्ट पक्की माहीत होती. रूळ म्हणजे नुसतं लोखंड. यार्डाच्या कडेला गंजून पडलेल्या जुन्या रुळांवर शेळ्या निवांत बसायच्या आणि पाऊस उघडला की बायका गोधड्या वाळत टाकायच्या. भीती असायची ती वरच्या तारेची. तिच्याखालून जाताना काठी उंच धरायची नाही, सळई खांद्यावर घ्यायची नाही. आबांना तारेला हात लावायचा असेल तर आधी करंट बंद झाल्याचा निरोप यावा लागतो. त्यानंतरही ते दोन्ही बाजूंना अर्थिंगचे रॉड टांगतात. चुकून करंट सुटलाच तर तो माणसातून न जाता रॉडवरून रुळात जावा, म्हणून. घरातला बल्ब बदलायचा झाला तरी आबा मेन स्विच बंद करतात आणि स्विचपाशी कोणाला तरी उभं करतात. आई म्हणते, "आता बल्बालाबी रॉड टांगा."

वसतिगृहात आल्यावर एकदा मोबाईलवर कोणा परदेशी माणसाच्या घरातला व्हिडिओ दिसला. टेबलावर डोंगर, बोगदा, स्टेशन आणि हिरवं इलेक्ट्रिक इंजिन. इंजिन थांबलेलं होतं आणि त्याचा पँटो हळूहळू वर येऊन तारेला टेकत होता. तेवढंच मी पुन्हा पुन्हा लावून बघितलं. आमच्या दारावरून रोज जाणारी, आबांच्या हातांना काळं करणारी गोष्ट कोणीतरी इतक्या मायेने टेबलावर मांडतं, हे मला माहीतच नव्हतं. मला तसं एक इंजिन पाहिजे झालं.

अशा गाड्या जमवणारे लोक नाशिकमध्येही आहेत, हे मग शोधता शोधता कळलं. विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक काका इंदिरानगरला राहतात. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत महिन्यातून एका रविवारी ही मंडळी जमतात. त्यांना मेसेज पाठवायला मी बरेच दिवस लावले. लिहायचे आणि पुसायचे. शेवटी पाठवलं ते एवढंच, की मी विद्यार्थिनी आहे, अजून माझ्याकडे एकही गाडी नाही, मुलगी आली तर चालेल का.

उत्तर आलं, "गाडीला काही फरक पडत नाही. या."

दार काकूंनी उघडलं. "चपला आत घे गं, बाहेर ठेवल्या की कुत्रं नेतं. वर जा, वर. गाड्यांना अख्खी खोली आहे या घरात. माझे पापड बघ कुठे वाळतात ते." पापड जिन्याच्या पायऱ्यांवर होते. मी ते चुकवत वर गेले आणि दाराशीच उभी राहिले. आत सगळे मोठ्या वयाचे पुरुष, आणि सगळे टेबलाशी वाकलेले. काकांनी मला हाताने जवळ बोलावलं आणि कंट्रोलरचं गोल बटण माझ्या हातात दिलं. "फिरवा. हळू."

पुढे दर महिन्याला मी जात राहिले. बोलायचे कमी. कॉलेजातही माझं तेच होतं. शंका असली तरी हात वर होत नसे, सर पुढे जात आणि माझी शंका वहीच्या कडेला राहून जाई.

इंजिन मिळालं ते या मंडळींमधल्याच एकांकडून. सिन्नरच्या एमआयडीसीत त्यांचा लहानसा कारखाना आहे आणि त्यांना मालगाड्यांचं वेड. त्यांनी एक आपल्याकडचं, भारतीय रंगातलं इलेक्ट्रिक इंजिन विकायला काढल्याचा फोटो या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. पांढरं, मधे लाल पट्टा, वर दोन पँटो. आमच्या घाटातून रोज जातं तसलंच. मी दहावीच्या मुलींच्या शिकवण्या घेत होते, त्यातून साठवलं होतं. "मी घेते," असं लिहिलं आणि कोणी दुसरं घेईल म्हणून मोबाईल हातातून खाली ठेवला नाही.

इंजिन हातात यायला पुढचा रविवार उजाडणार होता. तोवर मी तार तयार केली. सायकलच्या दुकानातून मोडीतले स्पोक आणले, ते वाकवून, सोल्डर करून खांब केले. लाकडी पट्टीवर हातभर रूळ, त्यावर चार खांब, त्यांच्यावरून ताणलेली तांब्याची बारीक तार. करंट तारेत सोडला. तार आली म्हणजे करंट तिथेच सोडायचा, यात मला विचार करण्यासारखं काही दिसलंच नाही.

रविवारी मी ती पट्टी कापडात गुंडाळून घेऊन गेले. मंडळी गोळा झाली. मी इंजिन ठेवलं, नखाने पँटो उचलून तारेला टेकवला आणि बटण फिरवलं. काही झालं नाही. अजून फिरवलं. काही नाही.

सिन्नरचे गृहस्थ वाकून बघायला लागले. "इंजिन चांगलं आहे हो, मी कालच चालवलंय. पण तुम्ही वायरी कुठे जोडल्यात?"

"तारेला. एक तारेला आणि एक रुळाला."

"वरच्या तारेला?" ते सरळ उभे राहिले. "अहो, तो पँटो शोभेचा आहे. प्लास्टिकचा. करंट रुळातून येतो, दोन रुळांना दोन वायरी. मॉडेलमध्ये सगळ्यांचं तसंच असतं."

मी पँटोला नख लावलं. खरंच प्लास्टिक होतं, वरून चंदेरी रंग दिलेला.

"लहान मुलालासुद्धा माहीत असतं," कोणीतरी मागून म्हणालं.

"आमच्याकडे रुळावर शेळ्या बसतात," मी म्हणाले.

मला विनोद करायचा नव्हता. पण सगळे इतके हसले की काकू खालून विचारायला आल्या. त्यांना काकांनी सांगितलं, मग त्याही हसल्या, आणि मग मीही. हसणं वाईट नव्हतं. सिन्नरच्या गृहस्थांनी स्वतः वायरी काढून दोन्ही रुळांना जोडल्या, इंजिन झोकात निघालं. "झालं. तार राहू द्या दिसायला. छान दिसते," ते म्हणाले.

इंजिन पळत होतं, पँटो तारेखालून घासत जात होता आणि त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. ते मला बघवेना.

"मी तारेवरच चालवणार," मी म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण खोलीत ऐकू गेला. नाशिकला आल्यापासून चार माणसांसमोर, कोणी विचारलेलं नसताना, मी असं ठाम काही बोलल्याचं मला आठवत नाही.

"पहिल्या फेरीला?" काकांनी विचारलं.

या मंडळींत एक रीत आहे. वर्षातून एकदा सगळे एखादा हॉल घेऊन टेबलं जोडतात आणि मोठी लाइन मांडतात. ज्याने त्या वर्षी पहिलं इंजिन घेतलं असेल त्याने सगळ्यांसमोर पूर्ण एक फेरी मारायची. फेरीभर इंजिनाला हात लागता कामा नये. हात लागला की फेरी बाद, आणि सगळ्यांना मिसळ खाऊ घालायची. ही रीत काकांनीच पाडली. इंजिनं घेऊन नुसती कपाटात ठेवणाऱ्यांना चाप बसावा म्हणून.

"हो. पहिल्या फेरीला," मी म्हणाले.

"मग मिसळ ठरली," सिन्नरचे गृहस्थ म्हणाले. "झणझणीत सांगा."

बोलून गेले, आणि मग पुढे महिनोन्महिने ते शब्द माझ्या मागे उभे राहिले. ते परत घेतले असते तर कोणी काही म्हटलं नसतं. पण मग मी परत दाराशी जाऊन उभी राहणार, एवढं मला कळत होतं.

पँटो धातूचा पाहिजे होता. मी ऑनलाइन शोधला. सुटा पँटो परदेशातून यायचा, आणि त्याचा आमच्या इंजिनाशी मेळ बसेल याची खात्री कोणी देईना. शेवटी काकांनी एक खण उघडला. त्यात मोडक्या गाड्यांचे भाग होते, आणि एका जुन्या युरोपियन इंजिनाचं नुसतं छप्पर. त्यावर पितळी पँटो.

"विकत देणार नाही," ते म्हणाले. "या टेबलाखाली वायरींचा गुंता झालाय. तो सोडवून दे, मग घेऊन जा."

पुढचे रविवार मी टेबलाखाली काढले. काकू वरून चहाचा कप खाली द्यायच्या आणि म्हणायच्या, "लेकीला कामाला लावलं, आणि स्वतः बघा शिट्टी वाजवत बसलेत."

पँटो मिळाला, तर पुढचा प्रश्न आला. तो बसवायचा म्हणजे इंजिन उघडायचं. जमवणारे लोक इंजिनाच्या मूळ खोक्यालासुद्धा जपतात. सील तुटलेलं, आतून बदललेलं इंजिन पुन्हा कोणी घेत नाही. माझ्याकडे असलेली ती एकच मोलाची वस्तू होती. वसतिगृहातल्या खोलीत मी खिडकीशी बसले, बारीक स्क्रू काढले, छप्पर उचललं. आत एक वायर डाव्या चाकांकडून मोटारीच्या पट्टीवर आलेली होती, एक उजव्या चाकांकडून. डावीकडची मी कापली. त्या जागी पँटोकडून आलेली वायर सोल्डर केली, आणि कापलेली उजवीच्या जोडीला लावून टाकली. म्हणजे आता करंट तारेतून यायचा आणि सगळ्या चाकांतून रुळात जायचा, आमच्या घाटातल्यासारखं.

मी फोटो ग्रुपवर टाकला. सिन्नरच्या गृहस्थांचा लगेच फोन आला. "अहो, उघडलंत?"

"हो."

"कापलंत?"

"हो."

मग म्हणाले, "बरं. आता तुमचं आहे ते." कोणाच्या घरी देऊन टाकलेल्या वासराबद्दल बोलावं, तसा आवाज होता.

हातभर पट्टीवर इंजिन तारेवर चाललं. अडखळत, पण चाललं. मी मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि बघताना माझ्याच लक्षात आलं की पँटोच्या मधोमध एक रेघ पडली आहे. तार एकाच जागी घासत होती. काही दिवसांनी ती रेघ खोल झाली आणि तार तिच्यात अडकायला लागली.

त्या शनिवारी मी घरी गेले. इगतपुरीच्या फलाटावर आबांची वाट बघत बसले होते. पाऊस इतका होता की गाड्यांचे दिवे आधी दिसत आणि गाडी मागून. मान टाकून वर बघितलं, आणि पहिल्यांदाच दिसलं, की तार रुळांच्या मधोमध सरळ जात नाही. एका खांबाशी जरा डावीकडे ओढलेली, पुढच्याशी जरा उजवीकडे. लांबवर अशीच, सापासारखी. म्हणजे पँटोवर ती सारखी इकडून तिकडे सरकत राहते आणि कुठे एका जागी घासत नाही. याच फलाटावरून मी बारावीपर्यंत रोज गेले होते.

आबा आले, रेनकोट निथळत. मी म्हटलं, "आबा, तार नागमोडी हाय."

"तुला आता दिसलं व्हय?" ते म्हणाले. "बरी शिकली कालिजात."

घरी जाताना मी त्यांना इंजिनाचं सगळं सांगितलं. आधी नुसतं "प्रोजेक्ट" म्हणून सांगितलं होतं. खेळण्याएवढी गाडी आहे, पण खरी तारेवर चालते, आणि ती मला सगळ्यांसमोर एक फेरी चालवायची आहे.

"तार कोनी वढली?"

"मीच."

"मंग येतो मी," आबा म्हणाले. रजा कधी घ्यायची ते त्यांनी तिथेच विचारून ठेवलं.

हॉल नाशिक रोडला होता, एका मंगल कार्यालयाचा वरचा मजला. माझे खांब मी पिशव्यांत भरून सकाळीच नेले. माझ्या फेरीसाठी लाइनीवर तार उभारायला मंडळींनी हो म्हटलं होतं. रूळ मांडले जात होते तसतशी मी मागून खांब बसवत, तार नागमोडी ओढत गेले. खिडकीकडच्या कोपऱ्यात एक टेबल भिंतीला अडलं. तिथलं वळण ऐनवेळी आवळून घेतलं गेलं. मी ते पाहिलं. आवळलेल्या वळणावर खांब जवळ जवळ लागतात हे मला कळत होतं, आणि माझ्याकडे जादा खांब नव्हता. पण सगळे घाईत होते, मालगाड्यांचे डबे खोक्यांतून काढत होते. "जरा थांबा," म्हणायला तोंड उघडलं नाही. आहे त्यात भागेल, असं मी मनाशी म्हटलं.

आबा वेळेआधी आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि हातात आईने दिलेला डबा. काकूंनी त्यांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. हात मागे बांधून लाइनीच्या कडेने सबंध एक चक्कर मारून आले आणि माझ्याजवळ उभे राहिले.

काकांनी हात वर केला. गडबड थांबली. मी इंजिनाला शेवटचा हात लावला तो पँटो उचलायला. मग मागे सरकून बटण फिरवलं.

इंजिन निघालं. सरळ लाइनीवर ते इतकं छान गेलं की कोणीतरी "वा" म्हणालं. पँटोवर तार डावीउजवीकडे सरकत होती. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. खिडकीकडच्या वळणावर दोन खांबांमधली तार रुळाच्या आतल्या बाजूला गेलेली मला आधीच दिसत होती. पँटो तिच्या कडेकडेने गेला, निसटला आणि ताडकन वर झाला. इंजिन उभं.

"अरेरे," काकू म्हणाल्या.

"एक बोट लावा फक्त," सिन्नरचे गृहस्थ माझ्याकडे वळले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "पँटो खाली घ्या, पुढे जाईल. बाकी सगळं झालंय. आम्ही धरतो फेरी. काय हो, धरायची ना?"

"धरायची, धरायची," दोघातिघांनी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. माझा हात बटणावर होता. एका बोटाचं काम होतं, आणि सगळे खुशीने देत होते.

"नको," मी म्हणाले. "फेरी बाद आहे. मिसळ मी देते. पण मला वेळ पाहिजे. ते वळण मी नीट करते आणि पुन्हा चालवते. तेवढं सगळ्यांनी थांबा."

एक जण घड्याळाकडे बघून म्हणाले की त्यांना निफाडला लग्नाला जायचंय. दुसरे म्हणाले, लाइन आता मालगाड्यांसाठी मोकळी करायची ठरली होती.

"थांबा," मी पुन्हा म्हणाले. "मिसळ येईपर्यंत तरी."

काका म्हणाले, "मिसळ मागवतो. पाव जास्त सांगतो. कोणी हलायचं नाही." निफाडच्या लग्नाला जाणारेही मग हलले नाहीत.

खांब कमी होता, तर तो सरळ लाइनीवरून काढायचा, असं मी ठरवलं. तिथे एखादा कमी असला तरी तार फार सुटणार नव्हती. आबा माझ्या मागोमाग आले. मी तारेला हात घालणार तोच त्यांनी मनगट धरलं.

"करंट बंद केला?"

"आबा, बारा व्होल्ट आहेत. मुंगी चावल्याएवढंबी लागत नाय."

"मी विचारलं काय, तू सांगते काय."

मी जाऊन कंट्रोलर बंद करून आले. तरी त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी टेबलावरून वायरीचे दोन तुकडे घेतले, टोकं सोलली आणि वळणावर आम्ही जिथे काम करणार त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तुकडा तारेवरून रुळापर्यंत अडकवला. अर्थिंग. एव्हाना मिसळ आली होती, मागे वाटपाची गडबड होती, पण काही जण वाट्या हातात घेऊन बघायला आले.

"आता लाव हात," आबा म्हणाले.

सरळ लाइनीवरचा खांब मी काढला. वळणावर त्याची जागा शोधली. आबांनी खांब दोन बोटांत धरला, मी त्याचा पाय टेबलावर स्क्रूने आवळला. मग तार त्याच्यावर घेऊन बाहेरच्या बाजूला ओढली.

"अजून," आबा म्हणाले.

"बास आहे."

"तुझी तार हाय. तू म्हणती तं बास."

मी खाली वाकून, डोळा रुळाच्या रेषेत आणून बघितलं आणि अजून थोडी ओढली.

मिसळ संपत आली होती. इंजिन मी पुन्हा सुरुवातीच्या जागी ठेवलं, पँटो उचलला. हॉलमधली बोलणी आपोआप बंद झाली. बटण फिरवलं. कंट्रोलरचा लाल दिवा लागला आणि इंजिन जागचं हललं नाही.

मी बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा लाल दिवा. कुठेतरी शॉर्ट होतं. मी खांब बघत बघत निघाले, तोच आबा मला ओलांडून झपझप वळणाशी गेले. त्यांनी लावलेले दोन्ही तुकडे अजून तारेवर लोंबकळत होते. त्यांनी ते काढले, मुठीत घेतले आणि तसेच उभे राहिले. चेहरा पार उतरला होता.

"रॉड राहिले," ते मला म्हणाले, हळूच. "काम झाल्यावर पयले रॉड काढायचे. असं कधी होत नाय."

"तुमच्या मुलीने तारेत करंट सोडला, तुम्ही अडवलात," सिन्नरचे गृहस्थ मिसळीची वाटी खाली ठेवत म्हणाले. "घरचाच शत्रू." हॉल हसला. आबाही हसले, जरा उशिरा.

"हात लागला नाही इंजिनाला," काकांनी जाहीर केलं. "फेरी सुरूच झालेली नाही. चालव गं."

मी चालवलं. या वेळी कोणी "वा" केलं नाही. सरळ लाइन, पहिलं वळण, दुसरं. खिडकीकडच्या वळणावर मी वेग कमी केला नाही. कमी केला असता तर पुढे कायम तिथे कमी करावा लागला असता. पँटो नव्या खांबापाशी आला, तार त्याच्यावरून बाहेर सरकली, मग आत आली. एक निळी ठिणगी उडाली आणि इंजिन वळण काढून पुढे गेलं. शेवटच्या सरळ पट्ट्यावर खांब कमी असलेल्या जागी तार थोडी हलली. इंजिन जिथून निघालं तिथे आलं आणि मी बटण शून्यावर आणलं.

"झाली फेरी," काका म्हणाले.

काकूंनी आबांच्या हातात मिसळीची वाटी दिली. आबांनी ती घेतली आणि उभ्यानेच खायला सुरुवात केली. निफाडच्या लग्नाला जाणारे निघाले. मला पाणी प्यावंसं वाटत होतं, पण मी जागेवरून हलले नाही.

सिन्नरचे गृहस्थ त्यांची मालगाडी घेऊन आले. एकावर एक असे दोन कंटेनर चढवलेले लांबलचक डबे. त्यांनी पहिला डबा रुळावर ठेवला, वरचा कंटेनर तारेला लागतोय हे बघितलं आणि माझ्याकडे वळले.

"झालं ना आता तुमचं? छान झालं. मग ही तार तेवढी काढून घ्या. माझे डबे उंच आहेत, अडकतील."

तार मी माझ्या फेरीपुरतीच मागितली होती, हे मला माहीत होतं. मी "हो" म्हणायला तोंड उघडलं.

"तार राहू द्या," मी म्हणाले. "संध्याकाळपर्यंत मला अजून चालवायचं आहे. तुम्ही वरचा कंटेनर काढा ना. एक मजली गाड्याही जातातच की घाटातून."

ते काकांकडे बघायला लागले. काका कंट्रोलरच्या वायरी तपासत होते, त्यांनी मान वर केली नाही.

सिन्नरच्या गृहस्थांनी एक सुस्कारा सोडला, खुर्ची ओढली आणि वरचे कंटेनर एकेक करून काढायला बसले. मीही त्यांच्या शेजारी बसले आणि काढलेले कंटेनर खोक्यात नीट रचून ठेवू लागले.